बोअरच्या पाण्याने उतरलेला रंग

परभणीच्या बोअरच्या पाण्याने गुलाबाचा रंग उतरतो, असे मी एकदा माझ्या वहिनींना सांगितले होते. ते खोटे होते, आणि सांगत असतानाच मला ते ठाऊक होते. आमच्याकडच्या पाण्यात क्षार फार, भांड्यांवर पांढरी पुटे चढतात, डाळ शिजता शिजत नाही, केस राठ होतात. हे सगळे खरे. पण गडद गुलाबी, तळहात भरून टाकणाऱ्या फुलाचे नखाएवढे पांढरे फूल करणे पाण्याला जमत नाही. ते माझ्या कात्रीने केले होते. इतकी वर्षे ही गोष्ट मी कोणाला सांगितली नाही. पत्नीलाही नाही.

दसरा उलटला, की इकडच्या हवेत सोयाबीनचा भुसा तरंगू लागतो. शहराच्या कडेला कुठेतरी मळणीयंत्र धडधडत असते आणि दोरीवर वाळणाऱ्या कपड्यांवर पिवळसर धूळ बसते. दुपार उन्हाळ्यासारखी तापते, आणि पहाटे मात्र पायांशी चादर शोधावी लागते. गुलाबाच्या छाटणीचे हेच दिवस. इतरांना या दिवसांत दिवाळीची चाहूल लागते. मला तळहाताच्या मध्यावर कात्रीचा दांडा रुतल्यासारखा वाटू लागतो.

यंदा मी जिंतूर रस्त्यावरच्या रोपवाटिकेतून गुलाबाची चार कलमे आणली आणि दादा-वहिनींच्या अंगणात, कुंपणाच्या भिंतीलगत लावली. दादा म्हणजे माझे थोरले बंधू. त्यांचे घर माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून आहे. रोज कचेरीला जाण्यापूर्वी मी तिथे थांबतो, धोतराचे जुने फडके गुडघ्याखाली घेतो आणि मातीशी हुज्जत घालतो. हुज्जतच म्हणावी लागेल. काळ्या मातीला मधली अवस्था माहीत नाही. पाणी घातले तर आळ्यात चिखलाचे डबके होते, मुळे गुदमरतात. एक दिवस हात आखडता घेतला तर बोट जाईल एवढी भेग पडते आणि त्या भेगेबरोबर कोवळी मुळे तुटतात. पहिल्या कलमाची पाने पिवळी होऊन गळाली. दुसऱ्याचा शेंडा काळा पडत खाली सरकतो आहे. मी रोज थोडे कापतो, ते रोज थोडे आणखी काळे होते. तिसऱ्याला वाळवी लागली. चौथे नुसतेच उभे आहे, जगायचे की नाही याचा निर्णय न झालेल्या माणसासारखे. मी शेणखत घातले, पोयटा माती आणून मिसळली, दुपारच्या उन्हासाठी पोत्याचे आडोसे उभे केले. नखांतली काळी माती कचेरीत टेबलाखाली लपवतो. उपयोग शून्य.

वहिनी उंबरठ्यावर बसून मेथी निवडत असतात. त्यांना सगळे दिसते. पण त्या उठून येत नाहीत.

"वहिनी, जरा बघता का? पाणी जास्त होतंय की कमी, काही कळेना."

"मला काय इचारायलाव, भावजी? तुमी विद्यापीठातले."

"तसं नाही. तुम्ही एकदा हात लावलात तर..."

"न्हाई बाई. मी न्हाई हात लावत." मेथीची काडी मोडून त्यांनी सुपात टाकली. "चांगली फुलांची झाडं ह्या हातानं रानटी झाली. ही तरी जगू द्या."

घरातले मीठ संपले आहे, हे जितक्या सहजपणे सांगावे, तितक्या सहजपणे त्यांनी हे सांगितले. त्यात गाऱ्हाणे नव्हते, म्हणूनच ते अधिक लागले. मी खुरप्याने पुन्हा आळे उकरू लागलो.

"तुमी विद्यापीठातले" या दोन शब्दांत माझ्या अपराधाचे मूळ आहे, म्हणून त्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. मी येथील कृषी विद्यापीठात नोकरी करतो, हे खरे. पण आस्थापना विभागात. रजेचे अर्ज, वेतनवाढी, निवृत्तीची प्रकरणे, एवढाच माझा व्याप. माझ्या टेबलापर्यंत आलेली एकमेव वनस्पती म्हणजे खिडकीच्या गजांतून आत शिरलेली वेलाची एक फांदी, आणि तीही शिपायाने तोडून टाकली. परंतु परभणीच्या आसपासच्या गावांत हे कोणाला पटत नाही. बोरीला एका लग्नाच्या पंगतीत शेजारच्या गृहस्थांनी खिशातून कपाशीचे लाल झालेले पान काढले आणि माझ्या पत्रावळीशेजारी ठेवले. "सायब, ह्यो लाल्याच हाय ना?" मी म्हणालो, मी कारकून आहे. ते पलीकडच्या माणसाकडे वळून हसले: "लपवायलेत सायब. जेवताना इचारलं की आसंच करतेत."

सुरुवातीला मी नाकारत असे. पुढे नाकारण्याचा कंटाळा आला, आणि त्याहून पुढे, खरे सांगायचे तर, त्या विचारण्याची चटक लागली. मी गंभीर चेहऱ्याने पान उलटेसुलटे करून "पाणी जरा जास्त झालंय" असे म्हणू लागलो. हा सल्ला निम्म्या वेळा तरी खरा ठरतो. दादा मला येताना पाहून मोठ्याने म्हणत, "आलं बगा विद्यापीठ!" त्या थट्टेतही मला सुख वाटे.

दादा येलदरीच्या वीजकेंद्रात ऑपरेटर होते. त्यांच्या नोकरीचा सारा काळ धरणाखालच्या वसाहतीत गेला, आणि शाळेचे शेवटचे वर्ष मीही त्यांच्याकडेच काढले. त्या क्वार्टरचे मला आजही आठवते ते म्हणजे तिथे प्रत्येक वस्तूवर पांढऱ्या रंगात आकडा घातलेला असे. खाटेवर, टेबलावर, पंख्याच्या पात्यावर, मोरीच्या दारावर. पंखा फिरू लागला की तो आकडा पुसला जाऊन पांढरे वर्तुळ होई. जलाशयावरून येणारा ओलसर वारा, माशांच्या जाळ्यांचा वास, केंद्राची अखंड घरघर. ती घरघर थांबली तरच माणसे दचकत. आणि दारासमोर, तांबड्या मुरमात, वहिनींनी लावलेले पाच गुलाब. त्यांची फुले गडद गुलाबी होती, पाकळ्या कडेला किंचित मागे वळलेल्या. वहिनी रोज सकाळी एकच फूल नखाने खुडत आणि अंबाड्यात खोचत. बाकीची झाडावरच राहू देत.

"खाट सरकारची, पंखा सरकारचा, नळ सरकारचा," त्या एकदा मला म्हणाल्या होत्या. "ही पाच झाडं तेवढी माझी. ह्यांच्यावर नंबर न्हाई."

दादा निवृत्त झाले तेव्हा क्वार्टर रिकामे करून द्यावे लागले. आकड्यांच्या सगळ्या वस्तू जागेवर राहिल्या. वहिनींनी गुलाबांच्या भोवती वीतभर सोडून खणले, मुरमाच्या गड्ड्यासकट झाडे उचलली, ओल्या बारदानात बांधली आणि टेम्पोत चढवली. दादा पुढे चालकाशेजारी बसले. वहिनी मागे, भांड्यांच्या पोत्यांमध्ये, झाडे दोन्ही हातांनी धरून. जिंतूर गेले, बोरी आले. तिथे सगळे चहाला उतरले, तर ह्या बाई हापशावरून तांब्याभर पाणी आणून बारदानावर शिंपडत होत्या. परभणीत उतरल्या तेव्हा त्यांचे हात कोपरांपर्यंत ओरखडलेले होते. त्यांनी ते पदराखाली घेतले आणि मला विचारले, "खड्डे कोरडे ठेवू का ओले करू?"

दुसऱ्या दिवशी मी नवी कोरी कात्री आणि एक छोटी करवत घेऊन गेलो. माझ्या टेबलावरून कधीतरी एका प्रशिक्षणाचे परिपत्रक गेले होते. त्याच्या शीर्षकात 'गुलाबाची कडक छाटणी' हे शब्द होते. माझे ज्ञान त्या शीर्षकापुरतेच होते. आतला मजकूर मी वाचलेला नव्हता.

लावणी झाली होती. वहिनी म्हणाल्या, "वरून वरून घ्या भावजी. पानं जरा कमी केली की बास."

"वहिनी, कडक छाटणी करावी लागते." मी बाह्या दुमडल्या. झाडाच्या बुंध्याशी, मातीच्या जरा वर, एक जाड गाठ होती. पाचही झाडांना होती. ती मला विद्रूप वाटली. एखादा रोग असावा, असे वाटले. मी तिच्याखाली करवत लावली.

"ती गाठ कामून काढायलाव? दरसाली फुटवा तिथूनच येतो की."

"शास्त्र आहे हे, वहिनी."

त्या मागे सरल्या. येलदरीत वर्षानुवर्षे त्या झाडांकडे पाहत राहिलेल्या बाईने माझ्या एका शब्दासाठी स्वतःचे पाहणे बाजूला ठेवले. चार झाडे मी गाठीसकट उतरवली. पाचव्याजवळ गेलो तेव्हा त्यांनी फांदीवर हात ठेवला. "ह्याला ऱ्हाऊ द्या. ह्याला कळ्या हायत." मी उदारपणे ते सोडून दिले.

जे पुढे झाले ते माझ्या दुर्दैवाने माझ्याच बाजूने झाले. ते पाचवे झाड आठवड्याभरात सुकले. तुटक्या मुळांना एवढ्या पानांचे आणि कळ्यांचे ओझे पेलले नाही. वहिनी त्याच्याजवळ उभ्या होत्या, आणि मी म्हणालो, "पाहिलंत? म्हणून छाटायचं असतं." माझ्या आयुष्यातली अनेक वाक्ये मी विसरलो आहे. हे विसरता आलेले नाही. आणि कापलेली चार? ती अशी तरारून फुटली की येणारे-जाणारे थांबून पाहत. हिरवे, लांब, लवलवते फुटवे. दादांनी शेजाऱ्याला हाक मारून दाखवले: "बगा, विद्यापीठाचा हात!" मी उंबरठ्यावर बसून चहा प्यालो आणि साखर जरा जास्त आहे, असेही सांगितले.

महिन्याभराने कँटीनमध्ये उद्यानविद्येचे एक प्राध्यापक शेजारी बसले होते. मी सहज, एका ओळखीच्या माणसाची गोष्ट म्हणून विचारले. ते बशीतल्या चहावर फुंकर घालत म्हणाले, "गाठीखाली कापलं? मग गुलाब संपला. ती गाठ म्हणजे कलमाचा जोड. वर गुलाब, खाली रानगुलाबाचा खुंट. आता जे वाढतंय ते रान. वाढतं मात्र जोरात. बघणाऱ्याला वाटतं, वा!"

त्या दिवशी संध्याकाळी मी दादांच्या घरावरून गेलो आणि थांबलो नाही. ऑटोरिक्षांच्या गर्दीत वाट काढत असताना मी स्वतःशी म्हणालो, उद्या सांगू. सांगण्यासारखे फार नव्हतेच; चार शब्दांत झाले असते. वहिनींनी मला रागे भरले असते आणि नवी झाडे लावली असती. मी घाबरलो कशाला, याचा मी नंतर पुष्कळ शोध घेतला. नोकरीचा धोका नव्हता, नाते तुटण्याचा नव्हता. 'विद्यापीठ' ही एक थट्टेतली पदवी गेली असती, इतकेच. एवढ्या क्षुल्लक वस्तूसाठी माणूस एवढे मोठे मौन पाळू शकतो, हे मला स्वतःविषयी कळलेले सर्वांत निराशाजनक सत्य आहे.

त्या वर्षीच्या हिवाळ्यात वहिनींनी वाट पाहिली. त्या हिवाळ्याचे माझ्या मनात जे चित्र आहे, त्यात थंडी कमी आणि वाट पाहणेच जास्त आहे. अंगाभोवती शाल, हातात तांब्या, आणि चार झुडपांसमोर वाकलेली एक आकृती. बोअरचे पाणी सोसणार नाही म्हणून त्या ते रात्रभर माठात निवळू देऊन मग घालत. पान न् पान उलटून पाहत. मार्गशीर्षात त्या म्हणाल्या, "भावजी, पानं बारीक आल्यात. एका देठाला सात-सात हायत. तिकडं पाच असायची." त्यांनी ओळखले होते! फक्त मी हो म्हणायला हवे होते. मी म्हणालो, "जमीन बदलली की होतं तसं."

फाल्गुनात एका झाडाला झुबका आला. नखाएवढी, वास नसलेली, पांढरी फुले. वहिनी मला हाताला धरून घेऊन गेल्या. त्यांनी एक फूल तळहातावर ठेवले. तळहात जवळजवळ रिकामाच दिसत होता.

"रंग उतरला का हो, पाण्यानं?"

"हो," मी म्हणालो. "बोअरचं पाणी जड आहे."

पण खोट्यालाही आधार लागतो, आणि माझ्या खोट्याला तो मिळाला नाही. शेजारच्या अंगणात त्याच पाण्यावर लालभडक गुलाब फुलत होते. ते वहिनींना भिंतीवरून रोज दिसत. दुसऱ्या कोणी माझ्यावर संशय घेतला असता. वहिनींनी तो स्वतःवर घेतला. पाणी तेच, माती तीच, भावजींचे शास्त्र बरोबर. मग उरले काय? हात. आपला हातच गेला, असे त्यांनी ठरवून टाकले. पुढच्या वर्षी तुळस सुनेच्या हातून लावून घेतली. लोणच्याच्या दिवसांत फोडी त्या चिरून देत, पण मसाला कालवायला सुनेला बसवत. "माझा लागला की नासायचं," असे हसून सांगत. पाहुणे त्यावर हसत. मीही त्या हसण्यात असे, लोणच्याची फोड ताटात घेऊन.

गेल्या उन्हाळ्यात त्या चार झुडपांच्या जाळीत दूधवाल्याची पँट फाटली आणि दादांनी ती मुळासकट काढून टाकली. वहिनी बाहेर आल्या नाहीत. कुंपणाजवळ चार खड्डे उघडे राहिले. ते पाहून मला वाटले, आता संधी आहे. तशाच गडद गुलाबी फुलाची चार कलमे आणावीत, त्याच खड्ड्यांत लावावीत, ती फुलली की सगळे भरून निघेल, आणि कोणाला काही सांगावेही लागणार नाही. माझ्या साऱ्या पश्चात्तापाची उंची ही एवढी. चूक न उच्चारता तिची भरपाई करण्याचा हा उद्योग गेले तीन आठवडे चालू आहे, आणि काळी माती तो मानायला तयार नाही. मी झाडांवर चिडतो. वाळवीवर चिडतो. परवा तर पाण्याच्या पाइपवर चिडलो. पाइप निसटून माझ्याच अंगावर पाणी उडाले, आणि ओसरीवरून दादा म्हणाले, "विद्यापीठालाच पाणी द्यायलाव का?"

आज रविवार. सकाळी उन्हे चढण्यापूर्वी गेलो. दुसऱ्या कलमाचा काळा डाग आता बराच खाली आला होता. त्याच्या खालून कापल्यावाचून गत्यंतर नव्हते. मी कात्री लावली. एक बोट खाली घेतली. आणखी थोडी खाली. मागे सुपाचा आवाज थांबला.

"भावजी, गाठीला जपा."

त्या उठल्या नव्हत्या. जागेवरूनच, जणू नकळत बोलून गेल्या होत्या, आणि बोलल्यावर स्वतःच चपापल्या. "न्हाई, तुमाला ठावं असंलच," त्या म्हणाल्या आणि पुन्हा मेथीकडे वळल्या.

मी कात्री भिंतीवर ठेवली. इतक्या वर्षांनी, हातावरचा विश्वास गमावूनही, ती बाई बरोबर होती. पहिल्या दिवशीही बरोबर होती. समोर ही चार झाडे मरत होती, कारण त्यांना ज्या हाताची गरज होती तो हात मी निकामी ठरवून ठेवला होता. मी आणखी शंभर कलमे लावली असती तरी ती याच कारणाने मेली असती.

मी उंबरठ्याजवळ गेलो आणि सांगितले. उभ्यानेच. गाठीविषयी, करवतीविषयी, मी न वाचलेल्या परिपत्रकाविषयी. रानाच्या फुटव्याविषयी. कँटीनमधल्या त्या दिवसाविषयी, म्हणजे मला किती आधीपासून माहीत होते, याविषयी. ओसरीवर दादांनी वर्तमानपत्र खाली केले, "विद्यापीठ..." एवढेच म्हणाले.

वहिनींनी सूप बाजूला ठेवले. त्यांनी आपले दोन्ही हात समोर धरून पाहिले. मेथीने बोटांची टोके हिरवी झाली होती.

"आन मी," त्या म्हणाल्या, "मी इतके साल ह्या हाताला बोल लावला. तुळशीला हात लावायला भ्याले मी, भावजी. तुमी बगत होता की."

"हो. बघत होतो."

त्या माझ्या बाजूने वळसा घालून अंगणात गेल्या. दुसऱ्या कलमाजवळ बसल्या. थोडा वेळ हात हवेतच होता. मग त्यांनी दोन बोटे मातीत खुपसली, खोलवर, आणि बाहेर काढून वास घेतला. "पाणी लय झालंय," त्या माझ्याकडे न पाहता म्हणाल्या. "मुळं कुजायलीत." मग भिंतीवरची कात्री घेतली, काळ्या डागाच्या जरा खाली, गाठीच्या बऱ्याच वर, तिरका काप दिला. कापलेल्या जागी आतला हिरवा रंग दिसला.

मला तेव्हा जाणवले, की मी सगळे सांगितले होते, पण जे मागायचे ते अजून मागितलेच नव्हते. हकिकत सांगणे सोपे असते. तीत माणूस स्वतःला थोडा निवेदक करून घेतो आणि निसटतो. मी त्यांच्या शेजारी चिखलात गुडघे टेकले. दादा ऐकत आहेत, भिंतीपलीकडे शेजारीही असतील, याचे भान होते, आणि म्हणूनच मी आवाज दाबला नाही.

"वहिनी, हात तुमचा गेला नव्हता. माझ्या हातानं तुमची झाडं गेली, आणि ते माहीत असून मी तुम्हाला स्वतःला दोष देऊ दिला. माझं चुकलं. मला माफ करा."